सही कोणाची? पूर्व नागपुरातल्या एका बंद वाचनालयाचं प्रकरण

दारावर एक कागद चिकटवलेला होता: 'इमारत दुरुस्तीसाठी वाचनालय पुढील सूचनेपर्यंत बंद.' खाली सही नव्हती, तारीख नव्हती, शिक्का नव्हता. वस्तीतल्या लोकांनी वरचा मजकूर वाचला आणि पुढचे पाच महिने महापालिकेच्या झोन कार्यालयात खेटे घातले. खालची जागा कोरी का, हे कोणी विचारलं नाही. प्रकरणाचं मूळ तिथेच होतं.

वाचनालयाचं नाव दिलेलं नाही, कारण हे एकाच संस्थेचं प्रकरण नाही. शहरातल्या लहान वाचनालयांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एकत्र आणून ते नमुन्यादाखल उभं केलं आहे. पुस्तकांचे आणि सभासदांचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. कायदे, कलमं, मुदती आणि अनुदानाचे दर मात्र प्रत्यक्षातले आहेत.

तर वाचनालय असं: पूर्व नागपुरातली जुनी, दाट वस्ती. महापालिकेच्या समाजभवनात तळमजल्यावर दोन खोल्या, एकीत कपाटं आणि पेपरचं टेबल, दुसरीत अभ्यासिकेचे बाक. 4,000 पुस्तकं, 110 सभासद, वेळ संध्याकाळी 5 ते 8. शासनमान्यता आहे, दर्जा 'इतर ड', म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी.

'सार्वजनिक' या शब्दामुळे पहिली चूक होते. लोकांना वाटतं, सार्वजनिक म्हणजे सरकारी. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकार चालवत नाही. ती नोंदणीकृत संस्था चालवतात, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदवलेल्या. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 आणि त्याखालचे 1970 चे नियम यांनुसार सरकार त्यांना मान्यता, दर्जा आणि अनुदान देतं. कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे, आपल्या कायद्यात तो नाही. महानगरपालिका अधिनियमातही वाचनालय कलम 66 खाली, म्हणजे महापालिकेच्या ऐच्छिक कामांत येतं. रस्ता, पाणी, दिवाबत्तीसारखं ते बंधनकारक नाही. त्यामुळे 'महापालिकेनं लायब्ररी बंद केली' ही तक्रार झोनमधल्या बाबूनं ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली, तर त्यात त्याचा फारसा दोष नाही. महापालिका इथे घरमालक आहे. दुकान दुसऱ्याचं आहे.

मग कुलूप लावलं कोणी? कागद उलट्या क्रमाने वाचत गेलं की उलगडतं.

ग्रंथपालाने दिवाळीनंतर यायचं सोडलं होतं, आणि त्याचं कारण हिशेबातच दिसतं. 'ड' वर्गाचं परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठी मिळणारे सरकारी पैसे, वर्षाला 30,000 रुपये होतं. 2022 च्या अखेरीस सरकारने 60 टक्के वाढ मंजूर केली, तेव्हा ते 48,000 झालं. त्यातला अर्धा भाग वेतनासाठी आणि अर्धा वेतनेतर खर्चासाठी. म्हणजे वेतनाला वर्षाचे 24,000, महिन्याला 2,000. रोज तीन तास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर तासाला सव्वीस-सत्तावीस रुपये पडतात. उरलेल्या 24,000 मधून पाच पेपरांचे नऊ-साडेदहा हजार जातात, मग मासिकं, पुस्तक खरेदी, वीज, लेखापरीक्षकाची फी. (विजेच्या बाबतीत एक बघून ठेवा: महावितरणच्या दरपत्रकात सार्वजनिक वाचनालय 'सार्वजनिक सेवा' गटात बसतं. जुनं मीटर 'वाणिज्यिक' म्हणून चालू असेल तर अर्ज करून गट बदलून घ्यावा. उन्हाळ्यात दोन कूलर चालतात तेव्हा हा फरक जाणवतो.)

पण हे 2,000 सुद्धा ग्रंथपालाच्या हातात पडत नव्हते. अनुदानाचा हप्ता संस्थेच्या खात्यात जमा झाला होता, काढता येत नव्हता. खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या लागत. अध्यक्ष तीन वर्षांपूर्वी वारले, कोषाध्यक्ष मुलाकडे पुण्याला गेले, उरले एकटे कार्यवाह. नव्या सह्यांसाठी बँकेने धर्मादाय कार्यालयातल्या (अशा संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या) नोंदवहीचा, म्हणजे परिशिष्ट-1 चा, ताजा उतारा मागितला. त्या उताऱ्यावर अजून वारलेले अध्यक्षच होते. मधल्या काळात दोनदा कार्यकारिणी निवडली गेली, पेढे वाटले गेले, पण बदल अर्ज एकदाही दाखल झाला नाही.

खात्यावर सही नाही म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून ग्रंथपाल नाही आणि ग्रंथपाल नाही म्हणून दार बंद. नंतर पावसाळ्यात स्लॅब गळला, झोनची नोटीस आली, आणि कार्यवाहांना आधीपासून बंद असलेल्या दारावर लावायला एक भारदस्त कारण मिळालं.

नोटीस नीट वाचली असती तर हेही कळलं असतं की तिने वाचनालय बंद करायला सांगितलंच नव्हतं. महापालिका जुन्या इमारतींची पाहणी करून त्यांना चार वर्गांत टाकते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-2अ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती. सी-2ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या समाजभवनावर सी-2ब असा शेरा होता. अभ्यासिकेच्या खोलीला टेकू द्यायला हवा होता आणि मागच्या भिंतीकडचे बाक हलवायला हवे होते. पेपरची खोली चालू ठेवता आली असती. बंद वाचनालयाच्या कुठल्याही प्रकरणात 'धोकादायक' हा शब्द ऐकला की आधी वर्ग विचारा. सी-1 असेल तर भांडण पर्यायी जागेसाठी करायचं असतं, सी-2ब असेल तर दुरुस्तीच्या वेळापत्रकासाठी. दोन्हींसाठी अर्ज वेगळा, टेबल वेगळं.

माहिती अधिकाराचा अर्जही वस्तीतल्या तरुणांनी केला होता, पण त्यातला प्रश्न होता: 'वाचनालय कधी सुरू होणार?' उत्तर आलं: 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.' उत्तर चुकीचं नव्हतं. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो, भविष्य नाही. अर्ज असा हवा होता: समाजभवनाच्या संरचनात्मक पाहणी अहवालाची प्रत, इमारतीचा वर्ग ठरवणाऱ्या आदेशाची प्रत, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाची प्रत आणि ते कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे, दोन खोल्या संस्थेला दिल्याच्या ठरावाची किंवा करारनाम्याची प्रत. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, त्यानंतर 30 दिवसांत पहिलं अपील. यातला शेवटचा कागद सगळ्यात मोलाचा. कारण जागा कोणत्या अटीवर दिली आणि ती मुदत संपली का, हे बहुतेक संस्थांना स्वतःलाही ठाऊक नसतं. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपून प्रशासकाचा कारभार आला, तेव्हा 'आपल्या नगरसेवकाला सांगू' ही वाट अशा वस्त्यांसाठी काही वर्षं बंदच होती. ज्यांच्याकडे कागद होता त्यांचंच काम पुढे सरकलं.

आता धर्मादाय कार्यालयाचं काम, कारण पहिली किल्ली तिथे आहे. 1950 च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांत किंवा कार्यकारिणीत बदल झाल्यापासून 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उशीर झाला असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा आणि कारण खरं लिहायचं. 'माहिती नव्हती' हे कारण दुबळं ठरतं. मृत्यूचा दाखला आणि कोषाध्यक्षांच्या स्थलांतराचं पत्र ही कारणं टिकतात. जुने दोन बदल राहिले असतील तर थेट तिसरा अर्ज देऊन चालत नाही. क्रमाने तिन्ही द्यावे लागतात, नाहीतर मधली कार्यकारिणी कोणत्या अधिकाराने सभा बोलावते हा प्रश्न उभा राहतो.

या प्रकरणात गाडी सभेच्या नोटिशीवर अडली. संस्थेच्या घटनेत लिहिलं होतं, वार्षिक सभेची सूचना पंधरा दिवस आधी, प्रत्येक सभासदाला लेखी. दिली गेली व्हॉट्सअॅप ग्रुपवर, चार दिवस आधी. जुन्या कार्यकारिणीतल्या एकाने हरकत घेतली असती तर अर्ज तिथेच पडला असता. म्हणून सभा परत घ्यावी लागली. सभासद नोंदवहीतून वर्गणी चालू असलेल्यांची यादी काढली, घरोघरी नोटीस देऊन पोच घेतली, बाहेरगावच्यांना रजिस्टर टपालाने पाठवली. इतिवृत्तात गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) आकड्यात लिहिली, सूचक-अनुमोदकांची नावं घातली, निवडलेल्या प्रत्येकाचं संमतीपत्र आणि ओळखपत्र जोडलं. जाणाऱ्या सदस्यांचे राजीनामे किंवा मुदत संपल्याची नोंदही जोडली. याला सहा आठवडे गेले. गणसंख्येअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा घ्यायची सोय बऱ्याच घटनांत असते. ती आपल्या घटनेत आहे का, हे आधी बघावं.

दरम्यान कार्यवाहांनी एक तोडगा सुचवला: 'संस्थाच बंद करून टाकू, पुस्तकं शाळेला देऊ.' हेतू वाईट नव्हता, पण ते त्यांच्या हातात नव्हतं. 1860 च्या कायद्याप्रमाणे विसर्जनाला तीन पंचमांश सभासदांचं मत लागतं, आणि उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. त्याहून मोठी अडचण मान्यतेची आहे. 2012 साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नवीन मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षं थांबलेली राहिली. जुनं मान्यताप्राप्त वाचनालय बुडवून नवं काढू म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. ही मान्यता गेली की त्या वस्तीत ती परत येईल याची खात्री नाही. 48,000 रुपये क्षुल्लक वाटतात, पण त्यामागचा मान्यता क्रमांक क्षुल्लक नाही.

म्हणूनच कुलूप लागताच पहिलं पत्र झोनला नव्हे, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना जायला हवं होतं. तपासणीला आलेल्या माणसाला नोंदवलेल्या पत्त्यावर कुलूप दिसलं तर शेरा 'वाचनालय बंद' असाच पडणार. आधी लेखी कळवलं असेल, की जागा दुरुस्तीत आहे, तात्पुरता पत्ता हा, वेळ ही, देवघेव आणि वाचक नोंदवही तिथे चालू आहे, तर शेरा वेगळा पडतो. पोच असलेली प्रत फाईलला लावायची. नोंदवही एक दिवसही कोरी ठेवायची नाही.

तात्पुरत्या जागेचा प्रश्न मात्र निव्वळ कागदाचा नाही. कोणाची वाट तुटली, हे आधी मोजावं लागतं. सभासद यादीवरून ते मोजलं तर हमखास चुकतं. पेपर वाचायला येणारा सभासद नसतो. मुलं सही करत नाहीत. घरातल्या एका कार्डावर तीन बायका वाचतात. त्यापेक्षा बंद दारासमोर सहा दिवस बसणं बरं, सकाळी एक तास, दुपारी एक, संध्याकाळी दोन. येऊन कुलूप बघून परतणाऱ्याला तीनच प्रश्न विचारायचे: कशासाठी आलात, आता कुठे जाता, कसे जाता. वय विचारू नये, अंदाजाने लिहावं. सणाचा आठवडा आणि परीक्षेचा आठवडा टाळावा.

अशी मोजणी केली की 'शासकीय विभागीय ग्रंथालय आहे की नागपुरात, तिथे जा' हा सल्ला किती पोकळ आहे ते कळतं. स्पर्धा परीक्षेचा मुलगा सायकलवर जाईलही. सत्तरीतले काका जाणार नाहीत. या शहरात मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेला होता. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर दोन किलोमीटर म्हणजे त्यांच्यासाठी बंदच. पेपरवाले ज्येष्ठ दुसरीकडे जात नाहीत, ते वाचणं थांबवतात. अभ्यासिकेची मुलं पैसे भरून खासगी अभ्यासिकेत गेली. महिन्याला काही शे रुपये पडतात, एसी असेल तर जास्त. मुली घरीच बसल्या, कारण खासगी अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असली तरी घरचं दार आठला लागतं.

सगळ्यात उपयोगाचं सापडलं ते दुपारी. तीन ते पाचच्या दरम्यान बाजाराची पिशवी घेतलेल्या चार-पाच बायका रोज दारावरून जाताना थबकत होत्या. त्यांतल्या बहुतेकींना वाचनालय चालू असतानाही आत जाता आलं नव्हतं, कारण पाच ते आठ ही स्वयंपाकाची वेळ. 'उघडं असतं तवा आमाले फुरसत नसते', एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणजे कुलपाआधीही हे वाचनालय अर्ध्या वस्तीला बंदच होतं. 'पूर्ववत सुरू करा' या मागणीत ते अर्धं बंदपण पूर्ववत मागितलं जात होतं. मागणीपत्र यानंतर बदललं.

जागा शोधताना पहिली सूचना विहाराची आली, दुसरी देवळाच्या सभागृहाची. दोन्ही ठिकाणी पंखे, नळ, शौचालय सगळं होतं आणि लोक मनापासून द्यायला तयार होते. तरी ते टाळलं. एका समाजाच्या जागेत वाचनालय गेलं की दुसऱ्याचं पाऊल अडखळतं, आणि तसं कोणी तोंडाने म्हणत नाही, फक्त येत नाही. चारशे मीटरवर महापालिकेची पट न उरल्याने बंद पडलेली मराठी शाळा होती. शिक्षण विभागाकडे तीन महिन्यांसाठी दोन वर्गखोल्या मागितल्या. अर्जात किल्ली कोणाकडे राहील, वीजबिल कोण भरेल, खोली कोणत्या तारखेला परत मिळेल, या तीन गोष्टी आधीच लिहिल्या. अशा अर्जांना नकार येतो तो बहुधा या तीन गोष्टी न लिहिल्यामुळे.

वेळा तुकड्यांत पाडल्या. सकाळी 7 ते 9 पेपर. मंगळवार आणि शनिवार दुपारी 3 ते 5 देवघेव. संध्याकाळी 5 ते 8 अभ्यासिका, मुलींसाठी दाराजवळची रांग राखीव. सगळे मिळून आठवड्याला चौतीस तास, आधीच्या अठरांऐवजी. ग्रंथपाल एकच, म्हणून सकाळचा पेपर ज्येष्ठांनीच आळीपाळीने उघडायचा ठरवला. कपाटाची किल्ली मात्र त्यांच्याकडे दिली नाही. पुस्तक हरवलं की आळ त्यांच्यावर येतो आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी दार उघडायला येत नाही.

पुस्तकं सगळी हलवली नाहीत. गळतीच्या भिंतीला लागून असलेली आणि मागणी असलेली, एवढीच. पण सगळी हलवायची झाली तर हिशेब असा: सरासरी 350 ग्रॅम धरलं तर 4,000 पुस्तकं म्हणजे 1,400 किलो. एका खोक्यात 40 पुस्तकं, वजन 14 किलो, एकाला उचलता येतं. खोकी 100, छोटा हत्तीच्या दोन फेऱ्या. खोक्यावर विषय लिहू नये, दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा नोंदवहीत पडलेले क्रमांक, लिहावेत, '1 ते 40', '41 ते 80'. परत लावताना मोजणी आपोआप होते आणि गहाळ पुस्तक त्याच दिवशी कळतं. पोत्यात कधीच भरू नयेत, कणा मोडतो आणि ओल धरते. खोकी जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत, कारण आपल्याकडे उधई भिंतीतूनच येते. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकलं की पानं वाकतात आणि बांधणी सुटते. ते पंख्याखाली उभं, पानं किंचित उघडून ठेवायचं. दोन दिवसांच्या आत वाळायला लागलं नाही तर बुरशी धरते, मग ते इतर पुस्तकांपासून वेगळं काढायचं. बाद करायची पुस्तकं या गडबडीत रद्दीवाल्याला देऊ नयेत. दाखल नोंदवहीत ठराव क्रमांकासह नोंद झाल्याशिवाय ती कागदोपत्री संस्थेचीच राहतात, आणि पुढच्या तपासणीत हरवलेली म्हणून मोजली जातात.

दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात एक बाब वाढवून घेतली, उताराची. समाजभवनाचं जोतं 45 सेंटीमीटर उंच, तीन पायऱ्या. चाकाच्या खुर्चीला 1:12 चा उतार लागतो, म्हणजे 5.4 मीटर लांबी. समोर तेवढी जागा नव्हती, म्हणून मध्ये सपाट टप्पा घेऊन उतार वळवला. 'दोन मीटरचा बसवून देऊ' म्हणणारा ठेकेदार भेटतोच. त्या चढावर खुर्ची ढकलणारा माणूसही घसरतो.

बदल अर्ज मंजूर होऊन परिशिष्ट-1 वर नवी नावं चढली, बँकेने नव्या सह्या घेतल्या, अडकलेला हप्ता निघाला. त्यातून आधी जुन्या ग्रंथपालाची थकबाकी दिली, कारण ती न देता नव्या माणसाला बोलावणं वस्तीत शोभलं नसतं. वर्गणी महिन्याला 20 वरून 30 रुपये केली. 110 सभासदांचे वर्षाला 13,200 जास्त येतात, पेपर वाचणाऱ्यांना पूर्वीसारखंच काही शुल्क नाही. वर्गणीचे हे जास्तीचे पैसे सगळे वेतनात घातले तर 2,000 चे 3,100 होतात. या रकमेवर वस्तीतल्याच एका ताई देवघेव आणि संध्याकाळ बघायला तयार झाल्या, ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम झालेल्या. पण त्यांनी वर्षभराचीच बोली केली आहे. दुरुस्तीचं अंदाजपत्रक मंजूर आहे, निधी पुढच्या आर्थिक वर्षात. तोवर अभ्यासिकेच्या खोलीत टेकू आहे, शाळेच्या वर्गखोल्यांची मुदत आणखी तीन महिने वाढवायचा अर्ज शिक्षण विभागात पडून आहे, आणि या वेळी त्यावर दोन सह्या आहेत.